आतून उमटलेला अंगठा

मंगळवार, ४ मार्च
गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला. टवका मसुराएवढा, रस्त्यातला खडा लागून उडालेला. असल्या टवक्यात रेझिन, म्हणजे पातळ पारदर्शक चिकटा, भरून निळ्या दिव्याखाली वाळवणं हे माझं रोजचं काम. काच सावलीत गार होऊ दिली होती, आतून-बाहेरून पुसली होती. टवक्यावर रेझिन दाबायचा स्टँड बसवला, त्याचा स्क्रू हळूहळू पिळला आणि कट्ट — तडा थेट कडेपर्यंत.

गाडी टॅक्सीवाल्या शेठची. त्यांच्या सगळ्या गाड्यांच्या काचा सांभाळायला त्यांना दुसऱ्या शहरात माणूस हवा आहे. माझं नाव त्यांनीच काढलं. आधी दोन-तीन गाड्या करून दाखव, म्हणाले. आईला विचारलं तर ‘जा की, मी काय कुक्कुलं बाळ आहे?’ म्हणाली.

मामा — आईचे थोरले भाऊ, दुकानाचे मालक — गाडीत बसून आरसा धरत होते. आतून आरसा धरला की रेझिन कुठवर शिरलं ते मला बाहेरून दिसतं. ‘होतं रे असं,’ म्हणाले. नवी काच दुकानाच्या खर्चाने बसवली. असा मालक मिळायला नशीब लागतं.

गुरुवार, ६ मार्च
कारण सापडत नाही. ऊन? नव्हतं. रेझिन? नवी बाटली. भंगारातल्या काचेवर टवके पाडले, स्क्रू मुद्दाम जास्त पिळून पाहिला. तडा जात नाही. मग माझा हातच वाईट?

शनिवार, ८ मार्च
दुसरी गाडी. पुन्हा तडा. शेठ समोर उभे. मामा त्यांना म्हणाले, ‘पोरगा गुणी आहे हो, पण हात अजून बसला नाही त्याचा.’ मला वाटलं, माझी बाजूच घेतायत.

संध्याकाळी तडकलेली काच उतरवून उजेडात तिरकी धरली. आतल्या बाजूला, बरोबर टवक्याच्या मागे, अंगठ्याचा ठसा. चांगला दाबून उमटलेला. सकाळी ती जागा मी पुसली होती. त्यानंतर आत एकच माणूस बसला होता.

आतून अंगठ्याने किंचित दाबलं की चिरा उघडतात, रेझिन आत शिरतं. ही युक्ती मामांनीच शिकवली. ‘हलकं हं. जोर दिलास की तडा पळाला समज.’

रविवार
दुकान बंद. भंगारातल्या काचेला स्टँड लावला, मागून जोर देऊन दाबलं. कट्ट. तोच आवाज.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

सोमवार, १० मार्च
विचारलं. मामा जुनी काच सोडवायची तार गुंडाळत होते.
‘आतून दाबलंत ना?’
गुंडाळतच राहिले. ‘चहा सांगू का?’
‘जाऊ नकोस म्हणून तोंडाने सांगायचं होतंत.’
‘ऐकलं असतंस?’
‘नसतं.’
‘मग?’

एवढंच. शेठनी दुसरा माणूस ठरवला. मामांच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

मंगळवार
आईला सगळं सांगितलं. मामांबद्दल नाही नाही ते बोललो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी माझा सदरा हातात तसाच धरून म्हणाली, ‘दादाला बोल लावू नकोस. तो नाहीच म्हणत होता. मी पाया पडले त्याच्या.’