बाबांच्या रक्तात विरजण

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार (वाकताना कमरेत उसण भरली, तेव्हा उरलेला अर्धा भेटीअंती). तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढत नाहीस ना? इकडे सगळे सुखरूप असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याशी खोटं बोलायला गेलो की माझे कान लाल होतात, आणि तुला ते पत्रातही दिसतील. बाबा तेवीस दिवस इस्पितळात आहेत. आता उतार आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं न वाचताच पिशवी भरायला घेशील.

झालं असं, की बाबांना रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा. ते म्हणायचे, दुकानातल्या इस्त्रीची धग आहे. मीही मान डोलावली (शिवणयंत्राच्या आवाजात मी कशालाही मान डोलावतो). मग त्यांना नवा सदरा शिवावा म्हणून टेप लावली, तर साडेपंधराचा गळा चौदावर आलेला! शिंप्याच्या घरात माणूस वाळला की आधी टेपला कळतं. तसेच उचलून इस्पितळात नेले. त्यांच्या हृदयाची एक झडप जन्मापासून वाकडी, हे तुला ठाऊकच आहे. रक्त तपासायला गेलं, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी दही लावता का?" मला वाटलं, पथ्य सांगतायत. तर म्हणाल्या, "वडिलांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस वाढलाय. दूध विरजतो, भाज्या आंबवतो, त्याच जातीचा जिवाणू. एरवी निरुपद्रवी. आम्हाला आधी वाटलं, रक्त घेताना बाहेरून बाटलीत चुकून शिरला. पण दुसऱ्यांदा रक्त घेतलं, त्यातही तोच. झडपेवर ठाण मांडून बसलाय."

आत्या, माझ्या पायांखालची जमीनच सरकली. कारण गेले चार महिने मी बटणांच्या सहा बरण्या रिकाम्या करून त्यांत मिठाच्या पाण्यात कोबी आंबवत होतो. पोटाला चांगला, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलेलं. बाबा नको नको म्हणत असताना रोज वाटीभर त्यांना खायला लावायचो, वर ते आंबट पाणीही. (एका बरणीचं झाकण उडून वकिलांच्या नव्या काळ्या कोटावर फवारा उडाला, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.) म्हणजे मी माझ्या हातानं माझ्या बापाच्या काळजात विरजण लावलं! धावत घरी गेलो, तोंडाला अस्तराचं कापड बांधलं, हातमोजे चढवले आणि सहाच्या सहा बरण्या मोरीत ओतल्या. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, कोबी आहे तो, बॉम्ब नाही." पण माझे हात थांबेनात.

त्यात पहिलं औषध चार दिवस देऊनही ताप हटेना. ह्या जातीच्या बहुतेक जिवाणूंना ते लागूच पडत नाही, म्हणून त्यांनी जुनंच एक साधं इंजेक्शन सुरू केलं. त्या चार दिवसांत माझे दोन सदरे उलट्या बाजूनं शिवून झाले. शेवटी मला राहवेना. तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून कोबीच्या वाट्या तारखेनिशी कागदावर लिहून तो कबुलीजबाब डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही पानं वाचली. म्हणाल्या, "कोबीचा काहीच संबंध नाही, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण इतकी माणसं रोज दही खातात, ती कुठे आजारी पडतात? हे जिवाणू तोंडातही असतात. रक्तात शिरायला वाट कुठून मिळाली ते बघू." आणि बाबांकडे वळून, "आजोबा, आ करा."

बाबांनी ओठ घट्ट मिटले. मग मिटल्या ओठांतूनच म्हणाले, "दुखत नाही मला."

"दुखतं का, असं कुणी विचारलं?"

आत्या, डावी दाढ मुळापर्यंत किडलेली निघाली! आठ महिने हा माणूस दोरा उजव्या दातांनी तोडत होता आणि मी शेजारी बसून काज करत होतो, मला पत्ता नाही. नव्या इंजेक्शननं तिसऱ्या दिवशी ताप उतरला. अजून काही आठवडे इंजेक्शनं चालतील. झडप किती खराब झाली ते त्यानंतरच कळेल. तोवर मी त्यांच्या खाटेशेजारी बसून त्यांचा श्वास मोजतो, आणि ते मला "दुकानात जा" म्हणतात.

तुझा भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. औषध चालू आहे तोवर दाढ काढून टाकायची आहे, आणि बाबांनी दातांच्या डॉक्टरांना तीनदा परत पाठवलंय. जगात ते फक्त तुला भितात. ताबडतोब ये.

ता. क. दुसरा. ताई, पत्र पाकिटात घालायला ह्यानं माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तू येणार म्हटल्यावर मी आज सकाळीच दाढ काढून घेतली. मुंगी चावल्यासारखं वाटलं. हा माझा हात धरायला आला होता, तो चिमटा बघूनच आडवा झाला. कपाळाला तीन टाके पडलेत. शनिवारी ते काढायचे आहेत आणि हा नाही म्हणतोय. तू ये.