ओढ्याची किंचित रंगछटा

मुरबाड, १२ नोव्हेंबर १९९८

ती. धर्मामामांना,

भाची प्रेमाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामीचा दमा आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा. मी मजेत आहे. (सध्या मला त्याचाच पगार मिळतो.)

भाची 'सप्तगंध केमिकल्स'मध्ये जनसंपर्क अधिकारी झाली म्हणून तुम्ही अख्ख्या खर्डीत पेढे वाटलेत म्हणे. अधिकारी म्हणजे गेटजवळ एक टेबल आणि त्यावर बंद पडलेला फोन. पहिला आठवडा साहेबांच्या नातवाच्या बारशाची पत्रिका लिहिण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात कारखान्यामागचा, बोरपाड्याच्या पिण्याच्या पाण्याचा ओढा लाल झाला आणि माझं खरं काम सुरू झालं. लाल म्हणायचं नाही, 'किंचित रंगछटा' म्हणायचं, असं साहेबांनी शिकवलं. मी तसं पत्रक लिहिलं. ते त्यांना इतकं आवडलं की पाड्यावर जाऊन वाचून ये म्हणाले. (स्वतः त्या दिवशी कल्याणला मीटिंगला गेले. मीटिंगा अशा वेळी हटकून निघतात.)

सोबत एक वार्ताहर होता, मटणाच्या जेवणाच्या बोलीवर आलेला. पाड्यातल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हिराबाई नावाची म्हातारी घरातून तांब्या भरून घेऊन आली.

"पानी चांगलं हाय ना? मंग तू पी गो."

वार्ताहराने कॅमेरा काढला. नोकरीचा तेरावा दिवस होता, मी प्यायले. दुसऱ्या दिवशी 'अधिकाऱ्यांनी पाणी पिऊन शंका दूर केली' या मथळ्याखाली माझा हसरा फोटो छापून आला. साहेबांनी मला कायम केल्याचा निरोप धाडला, तो मी दवाखान्यात सलाईन लावून ऐकला. कारखान्यातून भेटायला कुणी आलं नाही. हिराबाई मात्र जीप बदलत, डब्यात पेज घेऊन आली. मी न पिताच तांब्या परत करीन असं तिला वाटलं होतं म्हणे. ती माझ्या पायाशी बसली.

"माजी नात आठ दीस अशीच पडलीय," ती म्हणाली. "तिचा कुनी फोटू नाय काढला."

मी पेज प्यायले.

तुमची कायमस्वरूपी अधिकारी,
प्रेमा

ता. क. सोमवारी कामावर रुजू होते आहे. काळजी नसावी.

आणखी ता. क. सोबत बोरपाड्याचा कलेक्टरसाहेबांना मी लिहिलेला अर्ज आणि हिराबाईने जमवलेल्या अंगठ्यांचा कागद आहे. अर्ज तुमच्या शाळामास्तरी अक्षरात उतरवून रजिस्टर पोस्टाने धाडा, माझं अक्षर साहेब ओळखतात. मूळ प्रत चुलीत घाला. मुद्दा मात्र एकही गाळू नका. कलेक्टर कचेरीतून विचारणा आली की कारखान्याच्या वतीने उत्तर मलाच लिहायचं आहे, आणि ते मला लिहिता येऊ नये याची मी पुरेपूर काळजी घेतली आहे.