नंबरी कुलूप आणि बिनसाखरेचा चहा

१ जानेवारी १९७८, रविवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. वही शाळेच्या रद्दीतली आहे, पण पानं कोरी. ही वही माझ्याशिवाय कोणीही वाचणार नाही, म्हणून ती घरी ठेवायची नाही. घरी सौ. आहे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार. ड्रॉवरला कुलूप, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला, आणि खिळ्यावर कॅलेंडर. कोणाच्या बापाला पत्ता लागणार नाही.
संकल्प: चहात साखर बंद. कोणावर चिडायचं नाही. रोज लिहायचं.

९ जानेवारी.
आठ दिवस लिहिणं झालं नाही. ऑफिसला काम असतं. साखरेचं अजून कोणाला बोललो नाही, संकल्प बोलून दाखवला की मोडतो. आज शिपाई जळबानं आपणहून बिनसाखरेचा चहा आणला. विचारलं तर म्हणाला, तुमाला तसाच पायजे असंल असं वाटलं. माणूस अडाणी, पण इमानदार. इतकी वर्षं हाताखाली राहिलं की साहेबाचं मन वाचता येतं. चहा कडू लागला. प्यालो.

१७ जानेवारी.
मोठी बातमी. मॅट्रिकचं सेंटर यंदा पहिल्यांदा सेनगावात, आपल्या शाळेत. आजवर पोरं हिंगोलीला जायची, कोणाच्या तरी ओसरीवर राहून पेपर द्यायची. पोरींना तर कोणी पाठवायचंच नाही. यंदा एकवीस पोरी बसणार. त्यात जळबाची केशर. त्यांच्या घरातून मॅट्रिकला बसणारं पहिलं लेकरू. जळबा म्हणाला, सेंटर इथं आलं म्हून परीक्षेला बसून राहिली, न्हाईतर हिंगोलीला कोणापाशी ठेवतो तिला?
हेडसर म्हणाले, बोर्डानं सेंटर एका वर्षापुरतं दिलंय. काही घोटाळा झाला की परत हिंगोलीला. म्हणून पेपरांची पाकिटं सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे. माझ्याइतका भरोसा त्यांचा कोणावर नाही. शाळेत दुसरा क्लार्क नाही, ही गोष्ट वेगळी.
हे नीट पार पडलं तर मला हेडक्लार्क व्हायला कोण अडवतो? नरसीच्या नामदेवाला नारळ बोललो. मनातल्या मनात.

१८ जानेवारी.
मधल्या सुट्टीत गणिताच्या उत्तमसिंग सरांनी विचारलं, भाऊसाहेब, नारळ फोडायला कधी जाऊन राहिले नरसीला? मी चाटच पडलो. काहून, म्हणालो. ते नुसते हसले. या माणसाला ज्योतिष येतं की काय? जपून राहिलं पाहिजे.

२ फेब्रुवारी.
हेडसर म्हणजे रिकामा डबा. नुसता आवाज. हाजरीबुकावरून चारचौघात बोलले. इथं लिहिलं आणि मन मोकळं झालं. वहीचा हाच फायदा, हिच्या पोटात राहतं.

४ फेब्रुवारी.
हेडसर दोन दिवस बोलले नाहीत. आज जाता जाता म्हणाले, भाऊसाहेब, डबा रिकामा असला तरी हाजरीबुकावर सही त्याचीच लागते. त्यांना असं कोड्यात बोलायची खोड आहे. मी मनावर घेतलं नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार.
पाकिटांच्या कपाटाचं कुलूप आलं. नांदेडहून. पितळी, जड, किल्लीच नाही. चार चकत्या, त्यावर इंग्रजी आकडे, बराबर नंबर जुळला तरच उघडतं. नंबर आपला आपण ठेवायचा. हेडसरांनी बजावलं, नंबर फक्त तुम्हाला माहीत पाहिजे आणि कुठंही लिहायचा नाही.
इथं हेडसर चुकतात. डोक्यात ठेवलेला नंबर बोलण्यात निघून जातो. कागदावरचा गप पडून राहतो. म्हणून लिहायचाच, पण कोणाला वाचता येऊ नये असा. निजामाच्या राज्यात मी तीन वर्षं उर्दू शाळेत काढली, ती आज कामाला आली. हेडसर साताऱ्याचे. उत्तमसिंग सर पुरते तीस वर्षांचेही नाहीत. आता इथं उर्दू वाचणारं उरलंय कोण?

۲۷۵۱

बस. आता डोक्यातून काढून टाकला. जेवताना मुद्दाम आठवून पाहिला, आठवला नाही. फार समाधान वाटलं. सौ.नं विचारलं, काहून हसता?

२१ फेब्रुवारी.
जळबा टेबल पुसता पुसता म्हणाला, भाऊसाहेब, तुमचा पाच बराबर न्हाई निघाला, उलट्या बदामावानी काढा की. कसला पाच, म्हणालो. गडबडला. काही न्हाई, सहज. पत्त्यांचा नाद लागलेला दिसतो. बदामाची पंजी डोक्यात घेऊन माणूस ऑफिसला येतो, आणि पोरीची परीक्षा तोंडावर. बाप म्हणून काही जबाबदारी? चांगलं खडसावलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं.

१२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.
हिंगोलीहून जीप आली. पाकिटं मोजून घेतली, कपाटात ठेवली, नंबरी कुलूप लावून चकत्या फिरवून टाकल्या. हेडसर म्हणाले, एकदा उघडून बघायचं का? मी म्हणालो, शंका घेणार असाल तर चार्ज काढून घ्या.
जळबा दोनदा विचारून गेला, नंबर ध्यानात हाय न्हवं? तिसऱ्यांदा आला तेव्हा चिडलो. संकल्प मोडला, पण त्यात माझी काय चूक?

१३ मार्च, सोमवार. दुपारी ४.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
अकराला पेपर. साडेदहाला सगळ्यांसमोर ऐटीत वही काढली. उर्दू उजवीकडून डावीकडं वाचतात, हे मला कोणी शिकवायला नको. एक, पाच, सात, दोन. कुलूप हललं नाही. पुन्हा लावला. हललं नाही. म्हणालो, कुलपातच खोट आहे, नांदेडचा माल असाच. पावणेअकरा झाले.
उत्तमसिंग सर म्हणाले, छिन्नी आणतो. हेडसर म्हणाले, कुलूप फोडलं तर बोर्डाला कळवावं लागेल, मग सेंटर गेलंच समजा. समोरच्या वर्गात पोरी बसल्या होत्या. केशर पहिल्या बाकावर, दोन वेण्या घट्ट घातलेल्या, पेनचं टोपण काढत होती, लावत होती. इथं खोटं कशाला लिहू, भीती वाटली. माझ्यापायी पुढच्या वर्षीच्या पोरी घरीच बसतील, असं सारखं मनात येऊन राहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.
मग जळबा पुढं आला. म्हणाला, सरका भाऊसाहेब. दोन, सात, पाच, एक. कुलूप उघडलं.
हेडसर बघतच राहिले. जळबानं मलाच समजावलं, अक्षरं उजवीकडून, पण आकडे डावीकडून. उर्दूत आकडा आपल्या मराठीवानीच चालतो. निजामाच्या टायमाला तो कचेरीत टपाल वाटायचा, पाकिटावरचे पत्ते वाचून वाचून शिकला. बावीस वर्षं माझ्या हाताखाली आहे, मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. अकराची घंटा त्यानंच दिली, बराबर टायमाला.
पेपर सुरू झाल्यावर त्याला बाजूला घेतलं. नंबर तुला कसा कळला? खाली बघून म्हणाला, पोरीची परीक्षा हाय, म्हून पाठ करून ठेवला. तुमच्यावर भरोसा न्हाई असं न्हाई.
त्यानंतर मी पहिल्या पानापासून ही वही वाचून काढली. चहाचं पान. नारळाचं. डब्याचं. बदामाचं वाचताना कान तापले. मग उठून कॅलेंडर उचलून पाहिलं. किल्ली खिळ्यालाच होती.

१४ मार्च.
केशरला पेपर सोपा गेला म्हणे. जळबा मला सांगायला आला नव्हता, हेडसरांना सांगत होता. मी मध्येच म्हणालो, वा. ही वही आजच्या आज घरी न्यायची, असं सकाळी ठरवलं होतं. मग वाटलं, घरी सौ. आहे.

१५ मार्च. सकाळी साडेअकरा.
आजचंही कपाट जळबानंच उघडलं. कुलपाचा नवा नंबर हेडसरांनी स्वतः ठेवला आणि माझ्यादेखत जळबाच्या कानात सांगितला. मी हरकत घेतली नाही. उत्तमसिंग सरांनी विचारलं, नारळाचं काय झालं? म्हणालो, फोडू. केशरचा निकाल लागला की फोडू.
जळबाभाऊ, हे वाचत असाल तर उद्यापासून चहात साखर टाका.

१६ मार्च.
चहा गोड होता.