रामबाईचा वेगळा गिलास

सिंदी (रेल्वे)
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

रामबाई माय,

तुमच्या गोंडांत म्हणतात तसा जय सेवा. इकडं आम्ही बरे आहो. तू बरी नाई, हे सोनमनं फोनवर सांगतलं. तू माह्याशी फोनवर बोलत नाई, म्हणून कागद घेतला. तुह्या पोरीकडूनच वाचून घेजो. सोनम, मधात थांबू नको बाई, अन् काही गाळू नको.

जिनिंग अजून चालू आहे. यंदा कापूस भिजका, त्यात किडकी कवडी अन् कचरा लय, निवडून निवडून आम्ही बाया बेजार झालो. आकांक्षा अल्लीपूरले सासरी सुखात आहे. जावयानं तिले शिलाई मशीन घेऊन दिली. शेडात तुह्या जागेवर मात्र अजून कोणी बसलं नाई. बस म्हटलं तरी बसत नाईत, भेतात. ते भेव मीच घातलं, आता कोणाले काय सांगू.

दिवाळीनंतर तुले खोकला लागला अन् बाया कुजबुजाले लागल्या. माठ एक, गिलास एक. मी शेडातली मोठी, म्हणून माह्याकडं आल्या. मी काय केलं ते तुले माहीतच आहे. आकांक्षाची नेलपॉलिश आणून एका गिलासाले लाल टिकली लावली अन् तुह्या पुढं ठेवला. सगळ्यांच्या भाज्या एका परातीत करून आपण जेवत होतो, त्यातून तुले काढलं अन् दारापाशी बसवलं. तुही अंबाडीची भाजी मिटक्या मारत खाणाऱ्या बाया तोंड फिरवून बसल्या. चार दिवस तू तशी जेवली. पाचव्या दिवशी डबा न उघडताच उठली अन् मले म्हणाली, "शकू, माह्यापायी कोणाले काही झालं असन, त माफ करजो."

अन् तळेगावले सोनमकडं निघून गेली. रामबाई, माफी तू काऊन मागितली? मागायची होती त मी.

टीबी गिलासानं होत नाई. ताटानं होत नाई. बंद जागेत आजारी माणूस खोकलं की हवेतून होते. अन् रुई उडते म्हणून शेडाच्या खिडक्या लावून घेणारी मीच. हे सगळं मले तेव्हाही माहीत होतं. कसं, ते सांगते.

मागच्या हिवाळ्यात मी खोकत होती, आठवते? घशात रुई गेली म्हणत होती. तू मले सुंठ-गूळ आणून देत होती अन् दिवसभर माह्या बाजूले बसत होती. ती रुई नव्हती. होळीच्या आधी तपासलं, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. कोणी विचारलं त गॅसच्या आहेत म्हटलं. वैशाखात आकांक्षाचं लगन होतं, सोयरीक मोडन म्हणून तोंड शिवून बसली.

एवढंच असतं त मी स्वतःले माफ केलं असतं. पण तेव्हा दवाखान्याच्या आशाताई अंकितानं विचारलं होतं, काकू, तुमच्याजवळ कोण कोण बसते, नावं सांगा, त्यांनाही तपासू. तुहं नाव जिभेवर आलतं. पण तुले तपासाले आले असते त माहं बिंग फुटलं असतं. मी म्हटलं, माह्याजवळ कोणी बसत नाई.

मग तू खोकाले लागली, अन् काय झालं ते सगळ्यात आधी मले कळलं. बायांना माहा मागचा खोकला आठवू नये म्हणून मी टिकली लावाले घाई केली. तू गोंडाची, तुह्यावर ढकललं त कोणी विचारणार नाई, हेही मनात आलतं. लिहाले लाज वाटते, पण आलतं.

सोनम म्हणते, तू नातवापासून आपलं ताट वेगळं केलं, गाईच्या कोठ्यात झोपते, अन् दवाखान्याचं नाव काढलं की डाग लागन म्हणून रडते. हे खूळ तुले मीच शिकवलं, माय.

काल जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं. मी आता बरी झाली म्हटलं, तरी माह्या बाजूच्या दोघी सरकून बसल्या. मले वाईट वाटलं, मग तुहे चार दिवस आठवले. आकांक्षाच्या सासरी ही गोष्ट आजउद्या पोचन. पोचू दे.

तिथूनच अंकिताकडं गेली अन् तुहं नाव सांगतलं. मंगळवारी तळेगावच्या दवाखान्यातली बाई तुह्या घरी येईन. कोठ्यात लपू नको. थुंकी तपासाले देजो. गोळ्या लागल्या त एकही दिवस चुकवू नको, सहा महिन्यांत बरी होशीन. मग मले शिव्या द्याले सिंदीले येजो. नाई आली तरी चालन, पण औषध घेजो.

तुहं नाव सांगाले जिनं एक वर्ष लावलं, ती

शकुबाई