शहाण्या बहिणीची चिठ्ठी

तेहरान

प्रिय आईस,

सलाम. मी बरी आहे. वसतिगृहातलं जेवण ठीक असतं, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र मिळालं. फरीबर्जदादा आता नशेशिवाय झोपतो, अंगाने भरलाय, भाताची खरपूस खरवड तू त्याच्यासाठी राखून ठेवतेस. छान. माझ्या निकालाचं तू विचारलं नाहीस. मी पहिली आले.

या सुट्टीत आमचं संशोधन असं आहे. व्यसन सोडणाऱ्याची तपासणी स्वच्छ आली की त्याने भांड्यातली चिठ्ठी काढायची. कुणाला बक्षीस निघतं, कुणाला नुसतं ‘शाबास’. त्याने नशा सुटायला मदत होते का, हे आम्ही विद्यार्थी पाहतो.

काल इज्जतखानूम नावाच्या पेशंटबाईंना चिठ्ठीत किटली मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना घेऊन आलेली धाकटी बहीण म्हणाली, “मी जन्मभर शहाण्यासारखी वागले, मला कुणी साधी बशी दिली नाही.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी भांडं तिच्यापुढे धरलं.

“अगं, ती पेशंट नाही,” आमच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या.

“म्हणूनच,” मी म्हटलं.

तिला ‘शाबास’ निघालं. तिने ते दोनदा वाचलं, चिठ्ठीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

दादाला माझी आठवण सांग. तो सुधारतोय याचा मलाही आनंद आहे, खरंच. पण एक पत्र त्याचं नाव न घेता लिहिशील का?

जिला काही झालेलं नाही ती तुझी मुलगी,
माहरुख