गोधडीच्या पोटातली भाकरी

ती. आईच्या चरणी दंडवत,

तुझी गोधडी सुखरूप आहे, हे आधी सांगतो. कल्याणच्या गोधड्यांच्या स्पर्धेत परीक्षकाच्या हाताला तिच्या मध्यभागी काहीतरी टणक लागलं. मी सांगितलं, "गोधडीचं पोट उपाशी ठेवू नये, म्हणून आईने आत भाकरीचा तुकडा शिवलाय."

"उंदरांसाठी का?" म्हणत त्याने कात्री चालवली.

कात्री हिसकावताना माझा तळवा चिरला. पाच टाके पडले, तुझ्या टाक्यांइतके बारीक नाहीत. मग तीस वर्षं शांतिपाठ शिकवणाऱ्या तुझ्या लेकाने त्याचं नाक फोडलं. गोधडीवर थोडं रक्त सांडलं, बरंचसं त्याचंच.

पोलिसांनी उद्या पुन्हा बोलावलंय, बहुधा चहाला. तुझा गुडघा काय म्हणतो?

तुझी सून म्हणते, "अहो, माफी मागून मोकळे व्हा." मागेन. आधी त्याने तुझी मागावी.

तुझा,
उत्तम