बंद दाराचे उपकार

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं शाबूत आहे. त्याच्या पुढच्या बाजूच्या दोन बारीक गोष्टी सध्या नाहीत, त्याबद्दल पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीचा खोकला गेला का? आणि मी कॉलेज सोडल्यापासून तिनं धरलेला अबोला गेला का? दोन्हींपैकी एक जरी गेलं असेल तरी मला आनंद आहे.

पत्राचं कारण आभार, दुसरं काही नाही. कॉलेज सोडून मी घरी पाय आपटत फिरत होतो, तेव्हा तुम्हीच तुमच्या जुन्या मित्राकडे, म्हणजे आमच्या कप्तानांकडे, शब्द टाकलात आणि मला या बोटीवर चिकटवलंत. त्या वेळी मी तुमच्यावर भयंकर चिडलो होतो. (तेव्हा मी सगळ्यांवरच चिडलेला असायचो. प्राचार्यांवर चिडून कॉलेज सोडलं आणि मग कुणी अडवलं नाही म्हणून आईवर चिडलो.) आज मात्र तुमच्या त्या शब्दाचे उपकार आठवले की डोळे चुरचुरतात, आणि त्यात धुराचा भाग थोडाच आहे.

बोट तुम्ही पाहिलेली नाही म्हणून सांगतो. लहानशीच आहे, या काठाची माणसं त्या काठाला नेते. वर कप्तानांची केबिन, मधे प्रवाशांचा हॉल, खाली इंजिन. इंजिनाकडून वर येणारा जिना आणि हॉल यांच्यामध्ये एक लोखंडी दार आहे. खाली आग लागली तर ती आणि तिचा धूर खालीच अडावा म्हणून ते असतं. त्याला स्प्रिंग आहे, हात सोडला की आपोआप मिटतं. कप्तान आम्हांला रोज सकाळी ओळीत उभं करून नियम पाढ्यांसारखे म्हणायला लावतात: दार बंद, वाट मोकळी, आग विझवायचा लाल सिलिंडर खुंटीवर, इंजिनाजवळ कपडा नाही, बोटीवर उघडी ज्योत नाही. या शेवटच्या नियमापायी आमच्याकडे चहासुद्धा विजेच्या किटलीत होतो.

चहावरून आठवलं. (हे खोटं आहे. आठवायला आधी विसरावं लागतं.) हॉलच्या पलीकडच्या टोकाला चहाचं काउंटर आहे आणि काउंटरमागे ती असते. सगळे प्रवासी तिला ताई म्हणतात. मी एकटाच म्हणत नाही, त्यामुळे तिला हाक मारायला माझ्याकडे शब्दच उरलेला नाही. मी नुसता खाकरतो आणि ती मला खोकल्याची गोळी देते. माझी ड्यूटी जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे दाराच्या नको त्या बाजूला. दार उघडं असलं की ती थेट समोर दिसते आणि बंद असलं की दार दिसतं. मामा, तुम्हीही एकेकाळी तरुण होता (असं मामी म्हणते), तुम्ही काय केलं असतं? मी खुंटीवरचा लाल सिलिंडर काढून दाराला टेकू लावला. आग अडवायचं दार मी आग विझवायच्या सिलिंडरनं उघडं ठेवलं!

कप्तानांनी पाहिलं. ते ओरडत नाहीत, हा त्यांचा सर्वांत वाईट गुण. शांतपणे म्हणाले, पुन्हा हे दार उघडं दिसलं तर बोट पाण्यात आणि तू काठावर. नोकरीचं मला काही वाटलं नसतं हो, पण काठावरून काउंटर दिसत नाही. म्हणून पुढं मी दार फक्त कप्तान वर सुकाणूपाशी असतानाच उघडं ठेवू लागलो. तर हिनंच सुरू केलं! रोज काउंटर सोडून तरातरा यायची, सिलिंडर उचलून खुंटीला टांगायची आणि एक शब्द न बोलता माझ्या तोंडावर दार लावून जायची. (आता कळतं की निदान तेवढ्यासाठी तरी ती अख्खा हॉल ओलांडून माझ्यापर्यंत येत होती. तेव्हा सुचलं नाही, मी रागात होतो.)

गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा बोलली.

"काय रे, तुला रोज रोज सांगायचं का?"

"तुम्ही कुठं काय सांगता? तुम्ही तर बोलतच नाही!"

"मग आता बोलते. दार बंद."

आणि धाडकन आपटलं. माझं डोकं असं तापलं की त्यावर तिची किटली उकळली असती. मी तिथल्या तिथे ठरवलं, नोकरी सोडायची, जग सोडायचं, आणि दोन्हींच्या आधी हे दार एकदा सताड उघडून ठेवायचं. सिलिंडरकडे हात नेला आणि खालून करपल्याचा वास आला.

आमचे इंजिनवाले ग्रीसकाका (त्यांचं खरं नाव ग्रीसखाली गेलंय) रोज आपला बनियन धुऊन इंजिनाच्या तापलेल्या पाइपावर वाळत घालतात. सकाळी नियम म्हणताना 'इंजिनाजवळ कपडा नाही' हे सर्वांत मोठ्यानं तेच म्हणतात. तो बनियन पेटला होता आणि शेजारचं तेलकट चिंध्यांचं डबडंही पेटलं होतं. मी तीरासारखा खाली गेलो. रिकाम्या हातानं. आणि मामा, तुमच्यापासून काय लपवायचं, मी त्या आगीवर फुंकर मारली. माझ्या दोन्ही भुवया तिथंच राहिल्या.

मग मागं धावलो. जिन्यात धूर कोंडलेला, डोळे उघडत नव्हते, पण हात आपोआप खुंटीवर गेला आणि सिलिंडर तिथंच होता. कारण तो तिनं तिथं टांगला होता. परत खाली जाऊन मी आगीवर, इंजिनावर आणि ग्रीसकाकांवर पांढरी पावडर मारली. काकांनी तोवर डिझेल बंद केलं होतं. आग विझली. मी दार उघडून हॉलमध्ये शिरलो, आणि माझ्या मागं ते मीच ओढून घेतलं.

मामा, आत लोक चहा पीत होते. एक बाळ झोपलं होतं. धुराचा एक धागासुद्धा तिथं नव्हता. ती हातात कप धरून दाराकडे बघत उभी होती. मी माझ्या मनासारखं केलं असतं तर त्या हॉलचं काय झालं असतं, या विचारानं मी मागं वळून दार नीट मिटलंय ना हे दोनदा ओढून पाहिलं.

कप्तानांनी खबरदारी म्हणून सगळ्यांना जाकिटं चढवायला सांगितली. एक बाई केस विसकटतील म्हणून घालेचनात. मी खेकसलो, "अहो आजीबाई, केस घरी जाऊन विंचरा, आधी जाकीट!" त्यांनी मुकाट्यानं घातलं, पण माझ्याकडे असं बघितलं की बनियनची आग परवडली. पुढं दुसऱ्या बोटीनं आम्हांला ओढत धक्क्याला नेलं.

कप्तानांनी एवढंच विचारलं, दार बंद होतं? म्हटलं, होतं, पण मी नव्हतं केलं. त्यांनी माझ्या भुवयांच्या जागेकडे बघितलं आणि निकाल दिला. आता त्या दाराची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि ग्रीसकाकांचा नवा बनियन माझ्या ताब्यात.

आणि ती? धक्क्यावर तिनं न मागता चहा दिला. मी म्हटलं, दार आपटल्याबद्दल आभारी आहे. ती हसली, मग म्हणाली, "रविवारी घरी ये. आईनं बोलावलंय." तुमच्या आईला मी कसा माहीत, असं विचारलं तर म्हणाली, "आलास की कळेल."

मामा, तुम्ही शब्द टाकला नसता तर यातलं काहीच झालं नसतं. एवढंच सांगायचं होतं, मागायचं काही नाही.

तुमचा थोडा भाजलेला, पण पूर्ण ऋणी,
भाचा

ता. क. आगीचं आईला सांगू नका. मी तिकीटखिडकीत बसतो अशी तिची समजूत आहे.

ता. क. पुन्हा: रविवारच्या आत मामीची भुवया रेखायची पेन्सिल पाठवाल का? ग्रीसकाकांनी ग्रीसनं काढून दिल्या होत्या, पण एक वर एक खाली झाली आणि मी दिवसभर प्रत्येकावर संशय घेतल्यासारखा दिसत होतो.

ता. क. शेवटचं: पेन्सिल नको. आत्ताच कळलं की तिची आई त्या दिवशी बोटीवरच होती. त्यांना माझ्या भुवयांचं काही नाही आणि खेकसल्याबद्दलही तक्रार नाही, उलट मुलगा कामाचा आहे म्हणाल्या. त्यांना फक्त 'आजीबाई' लागलंय. त्या मामीपेक्षा लहान आहेत. तेव्हा पेन्सिलीऐवजी मामीलाच पाठवा, अबोला सोडून, आणि तिला सांगा की दारातच त्यांना मुलीची थोरली बहीण समजायचं. तुम्हीही या. येताना आमच्याच बोटीनं या. हॉलमध्ये बसलात की टोकाला एक दार बंद दिसेल. त्याच्यामागं मी आहे.